झिजलेली कड 'खराब' कशी? वस्तुसंग्रहालयांना एक खुले पत्र

प्रति,
वस्तुसंग्रहालयांचे अभिरक्षक, नोंदणी विभागातले कर्मचारी, आणि कुठली वस्तू घ्यायची व कुठली परत करायची हे ठरवणाऱ्या समित्यांचे सभासद यांस,

विषय: घरगुती वस्तूंच्या देणगी-अर्जातला 'स्थिती' हा रकाना

स.न.वि.वि.

आमच्या घरातलं एक लोखंडी उलथनं संग्रहालयाला द्यावं असं आम्हा भावंडांचं ठरलं होतं. आई गेल्यावर तिचं स्वयंपाकघर आवरलं, भांड्यांची वाटणी विनातक्रार झाली आणि उलथन्यापाशी गाडं अडलं. ते प्रत्येकाला हवं होतं. एकाकडे गेलं तर बाकीचे मनात धरून बसणार हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी धाकट्या भावाने तोडगा काढला की कुणालाच नको, संग्रहालयाला देऊन टाकू. घरगुती वस्तूंचं दालन असलेल्या एका ठिकाणी चौकशी केली, तिथून अर्ज आला. वस्तूचं नाव, साहित्य, निर्माता, अंदाजे काळ, मापं, आणि सगळ्यात खाली 'स्थिती': उत्तम, मध्यम, खराब. आम्ही अर्ज भरला, फोटो जोडले. उत्तर सभ्य शब्दांत आलं. कड झिजलेली आहे, मूठ मूळची नाही, सबब स्थिती 'खराब'; याच प्रकारचा चांगल्या स्थितीतला नमुना आमच्या संग्रहात आधीच आहे; आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.

त्या संग्रहालयाचं नाव लिहायचं कारण नाही. त्यांनी त्यांच्या अर्जाला धरून अगदी बरोबर उत्तर दिलं. माझं भांडण अर्जाशी आहे, आणि तसे अर्ज बऱ्याच जणांकडे असतात, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आधी ती कड कशी आहे ते सांगते, कारण समोरून काढलेल्या फोटोत ती कळत नाही. नव्या उलथन्याची पुढची कड सरळ असते, दोन्ही कोपरे सारखे. भांड्याच्या तळावरून ते रोज खरवडत नेलं की लोखंड कणाकणाने जातं, पण सगळीकडून सारखं जात नाही. आपण मूठ जरा तिरपी धरतो, त्यामुळे एकच कोपरा तळाला जास्त टेकतो आणि तोच आधी झिजतो. उजव्या हाताने स्वयंपाक करणाऱ्या कुणाचंही जुनं उलथनं घ्या, ही तिरप एका ठरावीक बाजूला सापडेल. आमच्या उलथन्याला ती उलट्या बाजूला आहे. आजी डावखुरी होती.

आजी डावखुरी होती, याला या कडेखेरीज दुसरा पुरावा आमच्याकडे नाही. शाळेत तिला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. तिच्या सह्या, पत्रं, हिशेबाच्या वह्या सगळ्या उजव्या हाताच्या, अक्षर शेवटपर्यंत नवशिक्यासारखं. चारचौघांत ती उजवाच हात पुढे करायची. एकाही फोटोत डाव्या हातात काही धरलेलं नाही. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो, आणि त्यातल्या कितीतरी जणांचे हात असे वळवून घेतलेले. स्वयंपाक करताना मात्र तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नसायचा. जाळ मोठा, तळाला लागायच्या बेतात आलेलं, आणि अशा वेळी जो हात पटकन उचलला जातो तोच खरा. आम्ही मुलं स्वयंपाकघरात घुटमळायचो म्हणून आम्हाला माहीत. आमच्या वडिलांच्या लक्षातही ही गोष्ट फार उशिरा आली.

पुढे उलथनं आईच्या हाती आलं. आई म्हणजे आजीची सून, आणि उजव्या हाताची. तोवर कडेला चांगलीच तिरप पडली होती. तिच्या हातात ते बसेना. तळाचा एक पट्टा नेमका सुटायचा आणि तिथेच लागायचं. "अगं, नवीन घे ना एखादं," आजी म्हणायची. आईने घेतलं नाही. यात सासूबद्दलचं प्रेम किती आणि हट्ट किती हे मी आजही सांगू शकणार नाही. दोघींचं गूळपीठ वगैरे कधीच नव्हतं. पण आईने त्याच उलथन्याने वर्षानुवर्षं खरवडून दुसरा कोपराही झिजवला, आणि आज ती कड दोन्ही बाजूंनी उतरती आहे. दोघींच्या झिजा जिथे येऊन भिडतात तिथे एक बोथट टोक तयार झालंय. बोट फिरवलं तर कळतं की ते बरोबर मध्यावर नाही. आजीकडचा उतार लांब आहे, आईकडचा आखूड.

आईचा उतार आखूड का, याचं उत्तर थेट तुमच्या कामाच्या प्रांतात जातं. अमेरिकेत १९३८ साली रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ शीतकासाठीच्या वायूवर काम करत असताना, ध्यानीमनी नसताना टेफ्लॉन हाती लागलं. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेगवार यांनी ते ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर चढवलं, आणि पुढच्या काही दशकांत न चिकटणारा तवा घरोघर पोचला. त्याच्यावर लोखंडी उलथनं चालत नाही, ओरखडे पडतात. आमच्याकडे तसा तवा आला, त्याच्या जोडीला लाकडी उलथनं आलं आणि जुन्याच्या वाट्याला रोजच्या कामातलं निम्मंच उरलं. म्हणजे त्या आखूड उताराला, ज्याला अर्जात 'झिजलेली कड' म्हटलंय, एका घरात एक तंत्र कधी आणि कितपत शिरलं याची नोंद चिकटलेली आहे. तुमच्या संग्रहातल्या त्या चांगल्या स्थितीतल्या नमुन्यावरून यातलं काय कळेल? कुणीतरी तो विकत घेतला आणि वापरला नाही, एवढंच.

मुठीचंही असंच. मूळची लाकडी मूठ तडकल्यावर आजोबांनी दुसरी बसवली. रिव्हेट काही त्यांच्याकडे नव्हता, म्हणून नटबोल्ट लावला, तो लांब झाला, बाहेर आलेलं टोक कानशीने घासलं आणि तरी हाताला लागतं म्हणून वर तांब्याची तार गुंडाळली. तारेचे वेढे इतके एकसारखे आहेत की ते काम त्यांनी एका बैठकीत, कुणी हाक मारणार नाही अशा दुपारी केलं असणार. आजोबा स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा फारसे येत नसत. त्या खोलीत त्यांच्या हातचं म्हणून एवढंच आहे. 'मूठ मूळची नाही' हा शेरा खरा आहे, पण तो वस्तूविरुद्ध का जावा?

चीनमध्ये आणि युरोपात फुटलेल्या चिनी मातीच्या बशांना भोकं पाडून धातूच्या टाचण्यांनी सांधत असत. तसे सांधलेले नमुने तुम्ही आता हौसेने मांडता. दुरुस्ती जुनी झाली की तिला मान मिळतो, असं काहीतरी दिसतंय.

आणि तुमच्या शास्त्राला हे नवं नाहीच. हत्यार कशासाठी आणि कसं वापरलं हे त्याच्या झिजेवरून ओळखायची पद्धत सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई सेमेनोव यांनी १९५७ साली रशियनमध्ये ग्रंथरूपाने मांडली. १९६४मध्ये ती इंग्रजीत आली आणि आज पुरातत्त्वाची ती एक स्वतंत्र शाखा आहे. दगडी तासणीच्या धारेवरची लकाकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती कातड्यावर चालली की लाकडावर हे सांगणारी माणसं तुमच्याच शेजारच्या खोलीत बसतात. चीनच्या शियानरेनदोंग गुहेतली खापरं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची असल्याचं २०१२ साली जाहीर झालं, तेव्हा त्या खापरांच्या बाहेरच्या अंगावरचे जळल्याचे डाग लगेच चर्चेत आले, कारण भांडं जाळावर चढलं होतं याची ती खूण. पुढच्याच वर्षी जपानमधल्या जोमोन काळातल्या मडक्यांच्या आत चिकटलेल्या करपट थराचं पृथक्करण प्रसिद्ध झालं. सुमारे १५,००० ते ११,८०० वर्षांपूर्वीची ती मडकी, आणि त्यांत बहुतेककरून पाण्यातले जीव, मासे वगैरे शिजवत असत हे त्या करपलेल्या थरानेच सांगितलं.

मला सगळ्यात आवडते ती पोलंडमधल्या कुयाविया भागातल्या खापरांची गोष्ट. त्यांना बारीक भोकं होती. ही चीज गाळायची भांडी असावीत असा अंदाज पुरातत्त्वज्ञ पीटर बोगुकी यांनी १९८०च्या दशकात मांडला, पण तो अंदाजच राहिला. मग ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी मातीत मुरलेली चरबी तपासली, ती दुधाची निघाली, आणि २०१२च्या अखेरीस ७,००० वर्षांपूर्वीच्या चीजचा पुरावा म्हणून ती खापरं जगभर गाजली. बिनझिलईची माती स्निग्धांश पिऊन घेते आणि हजारो वर्षं सोडत नाही. म्हणूनच अशा तपासणीसाठी निवडलेली खापरं उत्खननानंतर धुऊ नयेत असा दंडक आहे. घासून लख्ख केलेलं खापर मुकं होतं, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नव्हे.

तर मग विचारते, काजळी किती वर्षांची झाली की घाण न राहता पुरावा होते? पंधरा हजार वर्षांच्या करपट थरासाठी प्रयोगशाळेत जागा आहे आणि साठ-सत्तर वर्षांच्या थराला 'स्वच्छ करून पाठवावे' अशी सूचना. (हो, अर्जात तीही होती. लोखंडावर तापलेल्या तेलाचा जो काळा, कडक थर बसतो तो तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून तयार होतो. तो गंज धरू देत नाही. आमच्या उलथन्यावरचा थर खरवडून पाठवला असता तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याला तांबूस गंज चढला असता.) गंज थांबवायला हवा, तो वस्तू खातो. तेलाचा थर कुणालाच खात नाही.

स्वयंपाकघरं संग्रहालयांत आहेतच की, असं तुम्ही म्हणाल. आहेत. वास्तुविशारद मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली आखलेलं जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर नामांकित संग्रहालयांनी मिळवून मांडलंय. शहराच्या नव्या वसाहतींत त्या धर्तीची सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली होती. आपल्याला दिसतं ते आराखडा काढणाऱ्या बाईंचं कसब, आणि ते आहेच तसं. पण त्या दहा हजारांत ज्या बाया उभ्या राहिल्या त्यांनी कुठला खण कशासाठी वापरला, कुठली फळी काढून टाकली? फार थोडं दिसतं. दुसरं उदाहरण अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांचं. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या घरातलं त्यांचं अख्खं स्वयंपाकघर २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाला मिळालं आणि २००२मध्ये लोकांसाठी मांडलं गेलं. तिथे भिंतीवर भोकांची फळी आहे, तिच्यावर पातेली-तवे टांगलेले, आणि प्रत्येक भांड्याभोवती त्यांचे यजमान पॉल यांनी रेघ मारून आकार काढून ठेवलेला, म्हणजे काढलेलं भांडं पुन्हा आपल्याच जागी जावं. मला तो प्रकार फार आवडतो. कुणाची सवय, कुणाची शिस्त, त्यावरून उडालेले खटकेसुद्धा त्या रेघांत असतील. तिथली भांडी वापरलेलीच आहेत, रेघांसकट घेतलीत. मग माझ्या आजीने काय घोडं मारलंय? ती दूरदर्शनवर आली नाही, एवढंच ना.

२००४ साली सुधारून प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता तुमच्या कपाटात असेल. वस्तूची नोंद करताना तिची ओळख, वर्णन, तिच्याशी जोडलेले संबंध, मूळ, स्थिती, तिच्यावर केलेले उपचार आणि सध्याची जागा हे सगळं आलं पाहिजे असं ती सांगते. संबंधांचा क्रम स्थितीच्या आधी आहे. याच परिषदेने २०२२ साली प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात दृश्य वारशाच्या बरोबरीने अमूर्त वारसा आहे आणि समाजाच्या सहभागाने काम करण्याची गोष्ट आहे. आमच्या अर्जात सहभागासाठी दीड ओळ होती: 'इतर माहिती (असल्यास)'.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. प्रत्येक घरात एक उलथनं, एक कातणं, एक फुटक्या दांड्याचा चमचा, आणि प्रत्येकाला आपलीच आजी जगावेगळी वाटते. सगळं घेत बसलात तर गोदामं भरतील, आणि घेतलेल्या वस्तूला कोरडी हवा, क्रमांक, विमा, माणूस असं सगळं जन्मभर लागतं. वस्तू नाकारण्याचा हक्क तुम्हाला असलाच पाहिजे. 'जागा नाही' असं उत्तर आलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. वापर हाच दोष ठरवून नाकारलंत, तिथे बिनसलं.

मी मागतेय ते खर्चाचं नाही. झीज 'स्थिती'च्या रकान्यातून बाहेर काढा आणि तिला स्वतःचा रकाना द्या: कुठे झिजली, कुणाच्या हाताने, कुठल्या कामाने. तसंच दुरुस्तीला. कुणी केली, काय हाताशी होतं म्हणून तशी केली. वस्तू घेणं जमत नसेल तर तिची नुसती नोंद घ्या. कागदावर उलथनं ठेवून पेन्सिलने कडेची रेघ काढायची, शेजारी तसल्याच नव्या उलथन्याची. दहा मिनिटांचं काम आहे आणि दोन रेघांमधली जागा पाहून कुणालाही सगळं कळतं. असे शंभर घरांतले कागद एकत्र आले तर डावे-उजवे हात, जाळ बदलल्याच्या खुणा, भांड्यांचे तळ सपाट झाल्याच्या खुणा अशा कितीतरी गोष्टी दिसतील, ज्या कुठल्याच कागदपत्रात कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. मुख्य म्हणजे देणाऱ्याला पाच मिनिटं बोलू द्या आणि ते ध्वनिमुद्रित करा. लिहायला सांगाल तर माणसं औपचारिक होतात, 'सदर वस्तू' म्हणायला लागतात. मीही म्हटलं होतं.

कारण काही गोष्टी लोखंडातही उरत नाहीत. ढवळून झाल्यावर उलथन्याला चिकटलेलं झटकायला आजी ते भांड्याच्या काठावर दोनदा आपटायची, टक्-टक्, दुसरा ठोका जरा हलका. आई एकदाच, पण जोरात. बाहेरच्या खोलीत अभ्यास करत बसलं तरी आत कोण आहे ते कळायचं, आणि त्यावरून आत जाऊन खरवड मागावी की नाही तेही ठरवता यायचं. आजी भांडं आमच्या पुढ्यात सरकवायची. आई आधी "अभ्यास झाला का?" विचारायची. हे मी आता इथे लिहिलं म्हणून, नाहीतर आम्हा चौघांबरोबर ते संपलं असतं. माझ्या पुतणीला विचारलं तर तिला हे ठोके आठवत नाहीत, तिच्या आठवणीत मिक्सर आहे. तिचंही बरोबरच आहे. त्या मिक्सरच्या झाकणाला तिच्या आईने लावलेली चिकटपट्टी जपून ठेवावी असं तिला मोठेपणी वाटेल आणि तेव्हा तिने कुठला अर्ज भरायचा, हाही प्रश्न आहे.

आमच्या उलथन्याचं म्हणाल तर तुमचं नकाराचं पत्र आलं हे बरंच झालं असं आता घरात मत आहे. ते चौघांकडे आळीपाळीने फिरतं, ज्याच्याकडे असेल त्याने ते वापरायचं असं ठरलंय, फक्त न चिकटणाऱ्या तव्याजवळ न्यायचं नाही. अर्थात वापरलं की कड आणखी झिजणार, यावरून दोघा भावांत वाद आहे. एक म्हणतो, आजीचा उतार पुसला जाईल, आता पेटीत ठेवा. दुसरा म्हणतो, मग आपले उतार कुठे पडायचे? मी दुसऱ्याच्या बाजूची. म्हणून तूर्त कडेची रेघ कागदावर काढून खाली तारीख घातली आहे, आणि प्रत्येक फेरी पूर्ण झाली की नवी काढायची असं चाललंय. भाची डावखुरी निघाली आहे, तिला कुणी अडवत नाही.

तुम्ही अर्ज बदललात तर एक प्रत आम्हाला जरूर पाठवा. उलथनं सध्या मिळणार नाही, पण रेघांचे कागद आणि बोलायला चार माणसं तयार आहेत.

कळावे,
एका उलथन्याच्या चार वारसांपैकी थोरली